ताटातले नऊ फ्यूज

१

रफिक मेला तेव्हा त्याचे तिन्ही फ्यूज देवापुढच्या ताटात होते. त्यांना हळदकुंकू लावलेलं होतं, बाजूला झेंडूची फुलं होती. रफिक तिथून सहा हातांवर, स्विचबोर्डाखाली, नुकत्याच धुतलेल्या फरशीवर अनवाणी पडला होता. उजव्या तळव्यावर करंगळीच्या नखाएवढा काळा डाग होता. मृत्यू विजेच्या धक्क्यानं, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं.

ही चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी. जागा कोल्हापूरच्या उद्यमनगरातली, गणपतराव चौगल्यांची शेड. पूर्वी तिथं त्यांचा एकच कारखाना होता. मुलं कारखाना घेऊन शिरोलीला गेली, तेव्हा गणपतरावांनी पत्र्याच्या भिंती घालून शेडीचे तीन गाळे केले आणि भाड्यानं दिले. पहिल्यात सयाजीचा लेथ. मधल्यात रफिकची दोन ड्रिलिंग मशिनं आणि लोखंड तासायचा एक शेपर. तिसऱ्यात गुंडू, जो फाउंड्रीतल्या ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करायचा. विजेचं कनेक्शन मात्र एकच राहिलं. दाराजवळ पत्र्याची एक खोली, तिच्यात विजेच्या बोर्डाचं मोठं मीटर, आणि पुढं तीन भाडेकरूंची तीन सबमीटरं.

कारखाना एकसंध होता तेव्हापासून त्या शेडीची एक रीत होती. खंडेनवमीला सकाळी फ्यूज उपसून हत्यारांबरोबर ताटात ठेवायचे, ते दसऱ्याच्या दुपारपर्यंत हलवायचे नाहीत. यंत्राला विश्रांती द्यायची तर खरीच द्यायची, असं गणपतरावांच्या वडिलांचं म्हणणं असे. गाळे झाले तरी रीत राहिली. प्रत्येकाला विजेच्या तीन तारा, म्हणजे तीन फेज; प्रत्येकाचे तीन फ्यूज. रफिकही दरवर्षी ताट मांडायचा, नारळ स्वतः फोडायचा. तिन्ही ताटांना हळदकुंकू गुंडूची बायको झुंबरबाई लावायची.

म्हणजे त्या सकाळी तीन ताटांत नऊ फ्यूज होते आणि शेडीत कुठंही वीज नव्हती. तरी एक माणूस विजेनं मेला.

फौजदारांनी सरळ हिशेब मांडला. वीज आपण होऊन येत नाही, कुणीतरी आणली. मीटरच्या खोलीत जाऊन रफिकच्या जागी दुसरे फ्यूज घातले, काम झाल्यावर काढून घेतले. सकाळी आठला फ्यूज उपसून झाल्यावर गणपतरावांनी खोलीला कुलूप लावलं होतं. पण अकराच्या सुमारास त्यांनी सयाजीला तिथून बाहेर पडताना पाहिलं होतं. सयाजीकडं चोरून केलेली चावी सापडली. त्याच्या खणात फ्यूजचा जादा संचही सापडला. आठच दिवसांपूर्वी मीटरवरून त्याचं रफिकशी कडाक्याचं भांडण झालं होतं. आणि पहिल्या जबाबात, आपण खोलीकडं फिरकलोच नाही, असं तो खोटं बोलला होता.

तिसऱ्या दिवशी त्याला कोठडीत घातलं. कलम खुनाचं होतं.

मी विजेच्या बोर्डात मीटर तपासायच्या खात्यात होतो. निवृत्त झाल्यापासून सकाळी वाचनालयात बसतो. चौथ्या दिवशी सयाजीची बायको शालूबाई तिथं आली. वाचनालयात बाई आली म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या. मला संकोचानं काय करावं ते कळेना. मी तिला बाहेर ओट्यावर घेऊन गेलो.

"काका, ती मीटरं तुमीच तपासल्याली न्हवं?"

चार वर्षांपूर्वी गणपतरावांनी ती तीन सबमीटरं माझ्या घरी आणली होती, ते खरं होतं.

"मीटरं तपासली बाई. शेड मी पाहिलेलीसुद्धा नाही."

"मंग आता बगा की. आमचं मालक कोंबडं कापायचं झालं तरी शेजारच्याला हाक मारत्यात. आन् त्येनी मानूस मारला? खालचं पोरगं दीड वर्साचं हाय. फाशी व्हती का हो ह्याला?"

मी नाही म्हणालो नाही, कारण मला माहीत नव्हतं. हे माझ्याच्यानं होण्यासारखं नाही, असं सांगायचं होतं. पण ती उभी राहिली होती आणि कोठडीच्या दिशेनं चालायलाही लागली होती.

२

फौजदार माणूस वाईट नव्हता. मी कोण ते ऐकून त्यानं खुर्ची दिली आणि सयाजीला बाहेर आणवला. सयाजी थोराड, केस विस्कटलेले. माझ्यापुढं तो खाली जमिनीवरच बसला.

"खोटं का बोललास?" मी विचारलं.

"खोलीत पाय ठिवायचा न्हाय असा गणपतरावांचा दंडक. चावी करून घेतलीया म्हणल्यावर गाळा काडून घेतला असता की. तवा मला एवढंच म्हाईत, मानूस मेलाय. मारलाय असं कोन म्हणंल, ह्ये कुणाच्या डोस्क्यात?"

"खोलीत काय करत होतास?"

"मीटरं बगत हुतो." तो थोडा ओशाळला. "माझं मीटर लई पळतंय, रफिकचं दमानं चालतंय, असं मला वाटायचं. भांडान त्येच्यावरनंच. म्हणलं, आज समद्यांचे फ्यूज ताटात हाईत. आज मीटरातली एकबी चकती फिराय न्हाय पायजे. फिरली तर चोर घावला."

"मग? फिरत होती का?"

"माझी गप. रफिकची गप. तिसरी फिरत हुती."

"गुंडूची?"

"व्हय. मुंगीवानी सरकत हुती. चकतीवर काळी खूण असतीया बगा, ती म्होरं आली, गेली, परत यायला चारपाच मिंटं लागली. मी तितंच हुबा. आन् बगता बगता थांबली."

"थांबली? केव्हा?"

"गिरणीचा अकराचा भोंगा चालू हुता. भोंगा सपायच्या आत थांबली. म्हणलं, गुंडूनं काय तरी बंद केलं. कुलूप घातलं आन् भाईर आलो. तितंच गणपतरावांनी बगितलं."

फौजदार हसला. "ऐकलंत काका? चकती थांबली म्हणे. गुंडूची चकती फिरो नाही तर थांबो, मेला रफिक. त्याच्या गाळ्याशी काय संबंध?"

मी फक्त विचारलं, ताटातले फ्यूज पाहायला मिळतील का.

पंचनाम्यात जप्त केलेले फ्यूज कागदाच्या तीन पुड्यांत होते. मी एकेक उलटून पाहिला. पांढऱ्या चिनी मातीचे ठोकळे, आत दोन स्क्रू आणि त्यांच्यामध्ये बारीक तार. सयाजीचे तीन ठीक. रफिकचे तीन ठीक, तारही नवी. गुंडूच्या पुडीतले दोन ठीक.

नववा हातात घेतला आणि मी चष्मा पुसला. त्यालाही हळदकुंकू होतं. पण त्याच्यात तारच नव्हती.

"जळली असेल," फौजदार म्हणाला.

"जळली तर स्क्रूपाशी वितळलेल्या तारेचे मणी राहतात. हे स्क्रू गंजलेत. याच्यात कित्येक वर्षांत तार नव्हती." माझा आवाज मलाच पटत नव्हता. "साहेब, त्या दिवशी सकाळी हा फ्यूज कुठूनही उपसलेला नाही. हा अडगळीतला आहे."

"मग गुंडूचा खरा तिसरा फ्यूज कुठं होता?"

३

तो अजून जागेवरच होता.

दुपारी गणपतरावांनी मीटरची खोली उघडून दिली. ते धोतरातले, बुटके गृहस्थ; बोलताना सारखे कुलपाशी चाळा करत होते. शेड पोलिसांनी बंद ठेवली होती. सयाजीची आणि रफिकची तिन्ही तिन्ही भोकं रिकामी होती. गुंडूच्या तीन भोकांपैकी दोन रिकामी आणि तिसऱ्यात फ्यूज, व्यवस्थित बसवलेला. पोलिसांनी रफिकचीच भोकं पाहिली होती. दुसऱ्याची कशाला पाहतील?

"ह्येचा अर्थ गुंडूनं मारलं म्हणायचा का?" गणपतरावांनी आवाज खाली आणून विचारलं.

"नाही. गुंडूच्या फ्यूजनं गुंडूच्या गाळ्यात वीज जाते. रफिकच्या नाही."

"मंग झालं का न्हाय? परत सयाजीवरच आलं की."

खरं तर मलाही तसंच वाटलं होतं. उगाच शालूबाईला आशेला लावलं, असं मनात आलं. वेळ काढायचा म्हणून मी खोलीतून बाहेर पडणाऱ्या तारा मोजल्या. प्रत्येक गाळ्याला तीन फेज, म्हणजे लाल, पिवळ्या, निळ्या मिळून नऊ. त्या होत्या. आणि प्रत्येक गाळ्याला परतीची एक काळी तार, तिला न्यूट्रल म्हणतात. म्हणजे काळ्या तीन, एकूण बारा.

काळी एकच होती.

मी दुसऱ्यांदा मोजल्या. मग बोट लावून तिसऱ्यांदा.

"गणपतराव, गाळे केले तेव्हा वायरिंग कुणी केलं?"

"ख्वाजानं. रफिकच्या बानं. तुमच्याच बोर्डात लाईनमन न्हवता का? तो म्हणला, काळ्या तारंच्या दोन गुंडाळ्या कमी पडत्यात. मी म्हणलं, हाय त्यात भागव बाबा. तो बी म्हणला, मोटारीला काळी लागत न्हाय, नुसत्या दिव्याला लागती, एकीवर भागंल. भागलंच की. चार वर्सं काय झालं?"

ख्वाजाला मी चांगला ओळखत होतो. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस.

मी त्या एका काळ्या तारेमागं चालत गेलो. ती सयाजीच्या गाळ्यात शिरत होती, तिथून रफिकच्या, आणि रफिकच्या बोर्डामागून पुढं गुंडूच्या. रफिकचा लाकडी बोर्ड भिंतीवरून निम्मा सुटला होता. चारपैकी तीन स्क्रू काढलेले. खाली रंगाचा डबा आणि ब्रश. मशिनं नव्या हिरव्या रंगात चमकत होती, रंगवायचा बोर्ड तेवढा राहिला होता. यंत्रं बंद असतात, म्हणून वर्षातून त्या एकाच दिवशी ते काम उरकून घेता येतं.

मी बोर्डामागं डोकावलो. सगळीकडं लोखंडाच्या किसाची आणि तेलाची बोटभर राप. फक्त एक गोष्ट स्वच्छ होती. काळ्या तारेचा जोड. त्याच्यावरची टेप नवी होती. आधी सुती दोरा गुंडाळलेला, वर टेप, आणि टेपेचं शेवटचं टोक आत दुमडून ठेवलेलं, पुढच्या माणसाला नखानं सोडवता यावं म्हणून.

असा जोड बांधणारा आमच्या बोर्डात एकच जण होता.

४

गुंडूचं घर जवळच होतं. तो मला पाहताच आत पळाल्यासारखा गेला आणि झुंबरबाईला पुढं करून मागं उभा राहिला. ती ठेंगणी, मोठ्या आवाजाची बाई. तिनं पाटही दिला आणि पाणीही.

मी तो गंजका फ्यूज कसा होता ते सांगितलं. गुंडू भिंतीकडं बघायला लागला.

"बोला की आता!" झुंबरबाई नवऱ्यावर कडाडली. "वाघावानी लाकूड तासताय आन् बोलाय आलं की शेळी हुताय!" मग माझ्याकडं वळली. "काका, ह्येंची काय चूक न्हाय. म्याच सांगितलं. आमच्या गाळ्याला खिडकी न्हाय. अंधारात रांगोळी कशी काडू? ताट कसं मांडू? म्हणलं, दोनच फ्यूज काडा, दिव्याचा ऱ्हाऊ द्या. आन् ताटात तीन दिसाय पायजेत म्हणून ह्येनी जुना ठिवला. कुणाला कळतंय? देवाला कळलं तर देव बगून घेईल, मी म्हणलं."

"मानूस मेल्यावर भ्यालो," गुंडू पुटपुटला. "रीत मोडली म्हणून झालं, असं म्हनतील म्हणून."

"किती दिवे होते?"

"एकच. शंभराचा."

शंभरचा एक दिवा, आणि चकतीची एक फेरी चारपाच मिनिटांची. तेवढीच लागते. तीस वर्षं तेच मोजत आलो.

"दिवा सगळा वेळ चालू होता?"

"कुठला! निम्मी रांगोळी झाली आन् गेला. भोंगा झाला बगा अकराचा, तवाच. म्हणलं, बल्ब उडाला. मंग दार सताड उगडून बाकीची काडली." ती थांबली. "पर उडाला न्हवता. परत आपसूक लागला."

"केव्हा?"

"रफिकला बगून आरडावरडा झाला. त्येचे अब्बा आले. ह्ये आन् सयाजी टेंपो आनाय गेलते. गणपतराव रस्त्यावर हुबे. मी तोंडात पदर घालून आमच्या दारात बसल्याली. आन् माज्या मागं बल्ब लागला. मला त्येचं काय ध्यान? मानूस मेल्यावर बल्ब कोन बगतंय?"

"तेव्हा रफिकपाशी कोण होतं?"

"त्येचे अब्बाच की. एकलेच."

मी पाणी प्यायलो. उठताना तिनं विचारलं, "का वो काका? बल्बाचं काय एवडं?"

मी चपला घातल्या. घराची वाट धरली.

५

त्या रात्री झोप लागली. सकाळी उठून मी सगळं कागदावर लिहून काढलं. मला तोंडी सांगता येत नाही.

वीज फेजच्या तारेनं येते आणि काळ्या तारेनं परत जाते. असं समजा की तीन बिऱ्हाडं आहेत. प्रत्येकाला वेगळा नळ, वेगळी तोटी. पण सांडपाण्याची मोरी मात्र एकच, आणि ती तिसऱ्या घरातून मधल्यात, मधल्यातून पहिल्यात आणि तिथून बाहेर जाते. मधल्या घरच्यानं आपली तोटी बंद केली, आता आपल्या घरात पाणी नाही असं समजून मोरीचा जोड उकलला. तोटी त्यानं नीट बंद केली होती. पण त्याच वेळी तिसऱ्या घरचा नळ चालू होता.

रफिकनं तीन फ्यूज काढून ताटात ठेवले. बोर्ड रंगवायला खाली काढायचा, म्हणून त्यानं मागचा काळ्या तारेचा जोड सोडला. गुंडूच्या दिव्यातून गेलेली वीज परतीच्या वाटेवर होती. वाट तुटली. त्या क्षणी दिवा विझला आणि चकती थांबली. गुंडूकडून येणारं तारेचं टोक रफिकच्या हातात होतं, आणि पाय धुतलेल्या फरशीवर. एरवी तो कामाला बूट घालायचा. समोर ताट मांडलेलं होतं, म्हणून अनवाणी होता.

तेव्हा भोंगा वाजत होता. सयाजी कुलूप उघडून खोलीत मीटरपुढं उभा होता. त्यानं जे थांबताना पाहिलं ते काय होतं, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

खून कुणी केलाच नव्हता. पण हे सिद्ध करायला तुटलेला जोड हवा, आणि पोलिस आले तेव्हा जोड शाबूत होता. म्हणून फौजदारांना एकच वाट दिसली, ती सयाजीकडं जाणारी. जोड कुणी बांधला, हे आता मला माहीत होतं. टेपेचं टोक आणि झुंबरबाईचा दिवा, दोन्ही एकाच माणसाकडं बोट दाखवत होते.

दोन तास मी घरातल्या घरात फिरलो. कदाचित माझं चुकत असेल. चकती आपोआपही थांबते, बाई वेळ विसरली असेल, टेप दुमडायची सवय आणखी कुणाला असेल. मग मी राजारामपुरीच्या पलीकडं, ख्वाजाच्या चाळीकडं निघालो.

ख्वाजा दारातच बसला होता. रफिकची बायको खतिजा आत होती, तिचा आवाज नव्हता. मला पाहून तो उठायला लागला.

"बसा ख्वाजाभाई."

"सायेब, तुमी कशापायी आला एवडं उन्हाचं?"

मी कागद काढला, पण वाचता आला नाही. म्हणालो, "काळी तार एकच आहे."

त्यानं माझ्या चपलांकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "एकच हाय."

"जोड तुम्ही बांधलात."

"मी आत गेलो तवा पोरगा खाली. वर दोन काळी टोकं लोंबत्यात. मला इचारायची गरज पडली न्हाय. बोर्डाकडं बगितलं आन् कळलं." त्यानं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "पोरगं ल्हान असल्यापासनं म्याच शिकिवलेलं. फ्यूज काडायचा, डोळ्याम्होरं ठिवायचा, मंगच हात लावायचा. त्येनं तसंच केलं. काय चुकला न्हाय तो."

"जोडलंत का?"

"उगडी तार सोडून खाली उतरायचं न्हाय. तीस वर्सं हातानं त्येच केलं. खिशात टेप हुती. हात चालले. जोडून झालं तवा ध्यानात आलं, की जोडलं."

आतून खतिजानं विचारलं, "कौन है अब्बा?"

"बोर्डाचे सायेब," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता बोलला, "जोडली ती सवय सायेब. गप बसलो, ती सवय न्हवं. सयाजीला नेला तवा मी दारातनं बगत हुतो. म्हणलं, त्येनं मारलं असंल तर बरं. खोटं हाय ते ठाऊक असून म्हणलं. पाच दिस गप बसलो."

तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि आत जाऊन सुनेला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. बाहेर आला तो म्हणाला, "चला."

६

फौजदारांनी माझा कागद दोनदा वाचला. मग ख्वाजाचा जबाब घेतला. ख्वाजा उभ्यानं बोलला, आवाज चढला नाही की उतरला नाही. तार मी ओढली. एकीवर भागवलं. जोड मी बांधला. सयाजीचा काही संबंध नाही.

"आणि तो दिवा?" फौजदार म्हणाला. "गुंडूच्या बाईला बोलवावं लागेल."

"सायेब, बाईला बोलवू नगा." पहिल्यांदाच ख्वाजाचा हात टेबलावर आला. "दिवा कोनबी लावंल. दिवा लावायला काय चूक लागती व्हय? तार मी वढली, तेवडं लिवा."

"मीटरची साक्ष लागेल ना पण."

फौजदार माझ्याकडं बघत होता. मी कागद मागून घेतला. झुंबरबाईचं नाव मी तीन ठिकाणी लिहिलं होतं. तिन्ही खोडली आणि वर लिहिलं : 'तिसऱ्या गाळ्यातील चालू भार'. ते खोटं नव्हतं. पण पुरेसं होतं का, याची आजही खात्री नाही. गुंडूचा जबाब पुरेल, असं फौजदार म्हणाला आणि त्यानं कागद फायलीत लावला.

गणपतरावांवर आणि ख्वाजावर पुढं काय होईल ते कोर्टात ठरणार होतं. त्या दिवशी ख्वाजाला घरी जाऊ दिलं. संध्याकाळच्या आत सयाजीलाही सोडलं. शालूबाई पोराला काखेत घेऊन फाटकाशी उभी होती. सयाजी पायऱ्या उतरला, तेव्हा ख्वाजा बाकावर होता. सयाजी त्याच्यापुढं थांबला. शिव्या देईल असं मला वाटलं. ख्वाजालाही वाटलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

"चाचा," सयाजी म्हणाला, "त्येची मशिनं पुसून ठिवायला पायजेत. गंजतील."

एवढंच बोलून तो फाटकाकडं गेला.

पुढच्या आठवड्यात शेड उघडली. गणपतरावांनी न सांगता काळ्या तारेच्या दोन गुंडाळ्या आणून ठेवल्या. नवा वायरमन बघतो, असं ते म्हणत होते. ख्वाजा म्हणाला, मीच ओढणार. कुणी नाही म्हटलं नाही. फौजदारांनी मला हजर राहायला सांगितलं होतं. मी शिडी धरली.

दिवसभर त्यानं काम केलं. जुना जोड कापून टाकला. प्रत्येक गाळ्याची काळी तार खोलीपासून वेगळी नेली. तीन मीटरं, बारा तारा. मी मोजल्या. शेवटी तो रफिकच्या बोर्डापाशी आला. मधल्या गाळ्याचे तीन फ्यूज काढून त्यानं फरशीवर समोर ठेवले. गुंडूला हाक मारून दिवा लावायला सांगितलं. पत्र्याच्या फटीतून उजेड आला.

मी टेस्टर पुढं केला. ख्वाजानं तो घेतला नाही. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मधल्या गाळ्याच्या काळ्या तारेचं उघडं टोक मुठीत धरलं.

पलीकडं दिवा जळत राहिला. काही झालं नाही.

तरी त्यानं मूठ लवकर सोडली नाही.